तांदळाच्या कणगीतल्या अठरा होड्या

पडद्यावर अठरा हिरवे ठिपके एकमेकांना चिकटून उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून मी खूश होते.

कवडेवेळच्या मच्छीमार संस्थेचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीवर संस्थापकांचे हार घातलेले फोटो आणि समोरच्या भिंतीवर मी हट्टाने कालच बसवून घेतलेला मोठा टीव्ही. माघातली दुपार होती, बारा वाजत आले होते. मी संस्थेचे चेअरमन यशवंत पराडकर यांना माझा मसुदा वाचून दाखवत होते आणि ते मान डोलवत होते. पराडकर कशालाही मान डोलवायचे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

सरकारचा नवा कार्यक्रम होता, ‘सागरसाद’ नावाचा. प्रत्येक होडीला नारळाएवढी एक केशरी पेटी द्यायची. होडी कुठे आहे ते ती पेटी दर दहा मिनिटांनी उपग्रहामार्फत कळवणार. संकट आलं तर पेटीवरचं तांबडं बटण दाबायचं. कवडेवेळ हे चाचणीचं गाव होतं आणि इथे जमलं तर साऱ्या किनाऱ्याला पेट्या मिळणार होत्या. हा कार्यक्रम कसा चालवायचा, माहिती कोणी बघायची, कोणी सांभाळायची, चुकलं तर जाब कोणी द्यायचा, याची तत्त्वं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. सोमवारी मुंबईला समितीपुढे ती मांडायची होती. माझी अकरा पानं तयार होती आणि पहिल्या पानावरचं पहिलं तत्त्व मला पाठ होतं. सगळी माहिती सगळ्यांना, सदैव खुली.

ते मी नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. मी उमरग्याची. आमच्याकडे पाण्याचा टँकर कधी आणि कुठल्या गल्लीत येणार, ती यादी एका पुढाऱ्याच्या टेबलाच्या खणात असायची. कळशी घेऊन त्या खणाकडे बघत मी लहानाची मोठी झाले होते. त्यामुळे कुठलीही झाकलेली गोष्ट दिसली की माझं डोकं फिरायचं. नोकरीत लागल्यावर मी पहिली शपथ घेतली ती काही न झाकण्याचीच, आणि म्हणूनच तो टीव्ही तिथे होता. येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही कुठली होडी कुठे आहे ते दिसावं.

“म्हणजे आज सगळ्या होड्या बंदरात परत आल्या,” मी म्हणाले. “बघा, एका नजरेत कळलं.”

“व्हय तर,” पराडकर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, हातांना मासळीचा वास. तिने पराडकरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, माझो घोव अजून येवक नाय.”

ती सुरंगा टिकम. तिचा नवरा वासुदेव त्या गावातला नावाजलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. पहाटे तीन गडी घेऊन गेला होता. सगळे दहापर्यंत परततात; बारा झाले होते. त्या काळी मोबाइलची रेंज बंदराबाहेर दोन हाकांवर संपायची.

मी तिला हाताला धरून पडद्यासमोर आणलं. माझ्या आयुष्यातल्या ज्या काही क्षणांची मला अजून लाज वाटते, त्यात हा पहिला. मी हसत म्हणाले, “अहो, काळजी कसली करता? हा बघा, सात नंबरचा ठिपका. तुमचे यजमान बंदरात सुखरूप आहेत.”

सुरंगाने पडद्याकडे बघितलंच नाही. ती पराडकरांकडे बघत होती. खोलीत आणखी चारपाच माणसं होती, ती सगळी जमिनीकडे बघत होती.

“यशवंतकाका,” ती म्हणाली, “सांगा मॅडमांक.”

“काय सांगा?”

पराडकरांनी घसा साफ केला. “मॅडम, पेटी होडयेर नाय.”

“मग कुठे आहे?”

“द्वारकाकाकीकडे. सगळ्यो तिच्याकडेच आसत.”

द्वारकाकाकींचं घर ऑफिसपासून शंभर पावलांवर होतं, माडांच्या आत. मी जवळजवळ पळतच गेले. ओटीवर साठी ओलांडलेली एक किरकोळ बाई तांदूळ निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत पराडकर आत शिरले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या कणगीवरचं सूप बाजूला केलं. आत तांदळाच्या ढिगावर अठरा केशरी पेट्या नीट मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण “अडाणी” हा शब्द त्यात होता, ते आठवतं. बटण दाबलं असतं तर तासाभरात मदत पोचली असती, आणि तुम्ही सरकारला फसवायला पेट्या तांदळात पुरल्या, असं काहीतरी.

“फसवूक नाय गो बाय,” द्वारकाकाकी म्हणाल्या. आवाज अगदी साधा. “आमच्याकडे खूण माझ्याकडे ठेवतत. म्हणान खुणेची पेटी पण माझ्याकडेच ठेवल्यानी. माका तर वाटला, सरकारान शानपण केल्यान.”

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं की मला काहीच कळलेलं नाही. पराडकर घाईघाईने सांगू लागले. समुद्रात पाण्याखाली खडक असतात, तिथे मासळी असते. तो खडक शोधायला तांडेल किनाऱ्यावरच्या दोन-दोन गोष्टी एका रेषेत धरतो. अमुक देवळाचा कळस तमुक खिंडीत बसला, दीपगृह अमुक टेकडीआड गेलं, की तिथे नांगर टाकायचा. ही त्याची खूण. बापाने मुलाला दिलेली, भावालाही न सांगितलेली. ती दुसऱ्याला कळली तर महिन्याभरात खडक रिकामा होतो. पण माणूस परत आलाच नाही तर शोधायचं कुठे? म्हणून दर वर्षी नारळी पुनवेला प्रत्येक तांडेल एकटा येऊन आपली खूण या घरातल्या बाईच्या कानात सांगून जातो.

“आणि तुमी परदो लावलात,” मागून कोणीतरी म्हणालं. “थंय बाबल्याकव दिसतला, वासू खंय जाता ता.”

बाबल कुबल. तो सुरंगाचा सख्खा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याने अंधारात दिवा मालवून वासूच्या होडीचा पाठलाग केला होता. वासूला ते कळलं. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं नव्हतं, आणि भाऊबिजेला सुरंगा माहेरी जात नव्हती.

“ता आता रवांदे,” सुरंगा म्हणाली. तिने ओटीच्या पायरीवर बसून काकींचे पाय धरले. “काकी, माका खूण व्हयी.”

तांदूळ बाजूला ठेवून काकी उठल्या. अंगणातल्या दगडावर जाऊन हातपाय धुतले, चूळ भरली आणि पदर डोक्यावर घेतला. परत येऊन त्या सुरंगासमोर बसल्या तेव्हा त्या बाईचा चेहराच बदलला होता. मी कलेक्टर बघितलेत, मंत्री बघितलेत. इतकं जबाबदार माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

“कोणाची खूण मागतंस?”

“माझ्या घोवाची. वासुदेव टिकमाची.”

“कशाक?”

“माणसा आणूक.”

“मासे?”

“एक नको.”

“कोण जातलो?”

सुरंगाने पाण्याकडे बघितलं. ओहोटी लागली होती. ओहोटीला त्या खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते आणि आतल्या होड्या आतच अडकतात. बाहेर पाण्यात एकच मोठी होडी उभी होती आणि ती बाबलची होती.

“माझो भाव,” सुरंगा म्हणाली.

बघता बघता गर्दी जमली होती. त्या गर्दीतून एक दांडगा, काळाभोर माणूस पुढे आला आणि अंगणाच्या कडेला खाली मान घालून उभा राहिला. काकींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

“बाबल्या, जाळी उतरव.”

तो वळला आणि पुळणीच्या वाळूकडे धावला. मला वाटलं हा निघाला. पण त्याने आणि त्याच्या गड्यांनी छोट्या पडावातून होडी गाठली आणि होडीवरची जाळी त्या पडावात भरून किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली. एक खेप, दुसरी खेप. मला राहवेना.

“काकी, वेळ चाललाय! तिकडे चार माणसं आहेत, आणि तुम्ही जाळी काय उतरवताय?”

“खूण आयकलेलो माणूस जाळां घेवन जायत नाय,” काकी म्हणाल्या. “धा मिण्टां लागतली. तितकी दर्या दितलो.”

गळसुद्धा उतरवले. वाळूवर जाळ्यांचा डोंगर झाला आणि साऱ्या गावाने तो बघितला. मग काकींनी सगळ्यांना पार माडांपलीकडे पाठवलं आणि बाबलला जवळ बोलावलं. त्या एवढ्याशा, तो दांडगा. त्याने गुडघे टेकले. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी लांबून बघत होते. फार तर पाच वाक्यं असतील. बाबल उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, का ते मला त्या वेळी समजलं नाही.

होडी निघून गेली. आता मला माझं काम आठवलं. वर कळवायला हवं होतं, शोधपथकाला बोलवायला हवं होतं. मी काकींकडे गेले.

“मलाही जागा सांगा. मी फोन करते.”

“तुझी होडी आसा?”

“नाही.”

“घोवाची?”

“नाही हो. आम्ही उमरग्याचे.”

“उमरग्याक दर्या खंयच्या बाजूक?”

“कुठल्याच नाही.”

त्यांना त्याही परिस्थितीत किंचित हसू आलं. “मगे तुका सांगूक हरकत नाय. पण तू ता खंय लिवतलंस?”

“नोंदवहीत. मग वर कळवणार.”

“वरते कितके जण वाचतले?”

मी मोजायला लागले. आमचं कार्यालय, जिल्हा, नियंत्रण कक्ष, मुंबई, पेट्या पुरवणारी कंपनी, तिचे तंत्रज्ञ. चौदापर्यंत आले आणि थांबले. त्यातल्या नऊ जणांची मला नावंही माहीत नव्हती. त्यांच्या घरात होड्या आहेत की नाहीत, हा प्रश्न तर माझ्या अकरा पानांत कुठेच नव्हता.

काकी वाट बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “तेंका सांग, बंदराच्या दक्षिणेक, तासाभराच्या वाटेर. सोदूक तितक्या पुरे.”

मी तसं कळवलं, आणि तेवढं खरोखरच पुरेसं होतं. पथकाने अधिक काहीच विचारलं नाही.

मग वाट बघणं उरलं. सुरंगा पाण्याच्या कडेला जाऊन बसली ती हललीच नाही. तिच्या सोबत दोघी-तिघी होत्या. मी काकींच्या ओटीवर टेकले. त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं होतं, पण तांदूळ निवडत नव्हत्या, नुसती बोटं फिरवत होत्या.

“मघाशी मी वाईट बोलले,” मी म्हणाले.

“घाबारल्यार माणूस बोलता.”

थोड्या वेळाने मी विचारलं, “तुमच्या घरातलं कोणी आज समुद्रावर नाही ना?”

“आमची होडी नाय. खूण ठेवतलो त्या घराक होडी नसता.” आणि मग जणू सूप कुठून आणलं ते सांगावं तशा स्वरात त्यांनी पुढचं सांगितलं. आधी हे काम त्यांच्या सासूकडे होतं, तेव्हा घरात होडी नव्हती. हे दोघं नवराबायको वेगळं बिऱ्हाड करून राहत, त्यांची स्वतःची होडी होती. नवरा भाई तारी, पंचक्रोशीतला एक नंबरचा तांडेल. सासू गेली तेव्हा गावाने द्वारकाकाकींना बोलावलं. “मी सांगलंय तेंका, नको म्हणान सांगूया. ते म्हणाले, आवशीन केला ता तू नाय करशीत, तर कोण करतला? तेराव्याक होडी दिवन टाकली.”

“आणि मग ते?”

“मगे काय? एकतीस वर्सां लोकांची जाळी इनली. सकाळी उठान बंदरार जावन उभे रवत. होडयो गेल्यो काय घराक येत.”

एकतीस वर्षं रोज पहाटे तो माणूस दुसऱ्यांच्या होड्या जाताना बघत राहिला. कोणी त्याला सक्ती केली नव्हती, कुठल्या कागदावर त्याची सही नव्हती.

“कधी बोलले नाहीत? एकदाही?”

“बोलले. मरताना. म्हणाले, माझी खूण तुका सांगूची रवली.” काकींनी सूप खाली ठेवलं. “होडी नाय त्येका खूण ठेवची कित्याक? म्हणान कधी सांगूक नाय. त्या दिसा सांगितल्यानी. मी दरवर्सा सगळ्यांच्यो खुणो विसारतंय, पुनवेक नव्यो येतत. तीच एक विसराक जमणा नाय.”

“ठरवून विसरता येतं?”

“येवक व्हया गो. नाय तर ठेवतलंस खंय?”

तेवढ्यात पुळणीवरून आरोळी आली.

दक्षिणेच्या टोकाआडून बाबलची होडी येत होती आणि तिच्यामागे दोराने बांधलेली दुसरी. दुसरी पाण्यात फार खाली बसली होती. पथकाची बोट त्यांच्या सोबतीने येत होती. चार वाजले असतील. सगळं गाव कमरेएवढ्या पाण्यात उतरलं. मीसुद्धा उतरले, साडीसकट. खडकावर आपटून वासूच्या होडीची फळी फुटली होती आणि यंत्रात पाणी शिरलं होतं. सकाळपासून चौघं जण पाणी उपसत होते. त्यांच्या हातांची सालटं निघाली होती. बाबल पोचला तेव्हा, वासूचा गडी पुढे सांगायचा, आणखी तासाभराचं बळ उरलं होतं.

वासू काठावर आला. सुरंगा त्याच्याकडे धावली, पण तीन हातांवर थांबली. सगळेच थांबले. गर्दीतून द्वारकाकाकी पुढे येत होत्या. अजून त्याला कोणी पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

“वासू,” त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “आज तुझी खूण उघडली. सुरंगान मागली. माणसा आणूक मागली. बाबल्याक सांगितली. सायबीणबाईंका दिशा सांगितली, जागा नाय. आणि कोणाक नाय.”

हे आधी त्याला कळायला हवं, बायकोच्या भेटीआधी, पाण्याच्या घोटाआधी. वासूने मान हलवली. मग त्याने बाबलकडे बघितलं. सहा वर्षं ज्या माणसापासून त्याने ती जागा लपवली, तो आज त्या जागेवर जाऊन आला होता. वाळूवर बाबलची जाळी अजून तशीच पडली होती.

बाबल डोकं खाजवत म्हणाला, “माका इचारू नको. मी खंय गेल्लंय, ता माका आठवणा नाय.”

वासू हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मग त्याने मेहुण्याला मिठी मारली. गावातल्या बायका रडल्या, पराडकर रडले, उमरग्याची मी तर हुंदके देत होते. आणि हे रडू निव्वळ सुटकेचं नव्हतं. मी थक्क झाले होते. मुंबईच्या समितीने सहा महिने, तीन तज्ज्ञ आणि परदेशातल्या आठ नियमावल्या वापरून जे शोधायला मला सांगितलं होतं, ते माझ्यासमोर कमरेएवढ्या पाण्यात चालू होतं आणि त्यांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही स्वतःच्या हातांनी उतरवला. पराडकरांनी मान डोलवली. मग संस्थेत सगळ्या तांडेलांना बसवलं, काकींना खुर्ची दिली, त्या खाली बसल्या. मी म्हणाले, “काकी, तत्त्वं तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“माका तत्वाबित्वा कळणत नाय. तू इचार, मी सांगतंय.”

मी विचारत गेले. अकरा पानांचं अर्धं पान झालं. पेटी होडीवरच राहील, पण होडी कुठे आहे ते कोणालाही दिसणार नाही, कुलूपबंद राहील. ज्याची होडी त्याच्या घरच्यांनी मागितल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. तांबडं बटण दाबलं तर ती तांडेलाची स्वतःची मागणी. कुलपाच्या किल्ल्या दोन, एक खात्याकडे आणि एक गावाने निवडलेल्या माणसाकडे, आणि दोघांच्याही घरात होडी नको. शोधायला पुरेल तेवढंच सांगायचं. ऐकलेलं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. कोणी मागितलं आणि कोणाला सांगितलं, ते ज्याचं त्याला सर्वांत आधी सांगायचं. आणि नारळी पुनवेला मागचं सगळं पुसून टाकायचं.

शेवटच्या वाक्यावर बाबल म्हणाला, “यंत्राक विसराक जमता?”

“जमवावं लागेल,” मी म्हणाले.

त्याच दिवशी कणगीतून अठरा पेट्या बाहेर आल्या. प्रत्येक तांडेलाने आपापली पेटी तांदूळ झटकून उचलली.

सोमवारी मुंबईत समितीच्या अध्यक्षांनी ते अर्धं पान दोनदा वाचलं. होडी नसण्याच्या कलमावर त्यांचं बोट थांबलं.

“हे कुठल्या देशाच्या नियमावलीतून घेतलं?”

“कवडेवेळच्या.”

“हा देश कुठे आला?”

“मालवणच्या थोडा अलीकडे, सर.”

ते हसले. मग मी त्यांना भाई तारींची एकतीस वर्षं सांगितली. खोलीत कोणी हसलं नाही. ते कलम राहिलं, बाकीची थोडी घासाघीस होऊन मंजूर झाली. पुढे पेट्या साऱ्या किनाऱ्यावर गेल्या. त्यानंतर खात्याकडची किल्ली नऊ वर्षं माझ्या टेबलात होती. बाबल ती जागा खरंच विसरला का, हे दोन किल्ल्या एकत्र आणल्या तर कळलं असतं. मी कधी बघितलं नाही, काकींनाही कधी विचारलं नाही. आता सुरंगा दर भाऊबिजेला माहेरी जाते, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

माझी बदली झाली, मी नागपूरला गेले. काकी आजारी असल्याचं पराडकरांनी कळवलं तेव्हा रजा काढून आले. त्या खाटेवर होत्या, अगदी मुठीएवढ्या झाल्या होत्या. गावाने त्यांच्या जागी सुरंगाला निवडलं होतं. वासूने त्या महिन्यातच होडी देऊन टाकली होती. काकींनी सगळ्यांना बाहेर पाठवलं.

“तुझी होडी आसा?”

“नाही काकी.”

“घोवाची?”

“नाही.”

“झिलाची?”

“माझ्या मुलाला आंघोळीचा कंटाळा, काकी.”

त्या हसल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मी खाटेशी गुडघे टेकले आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. सुकलेल्या ओठांतून त्यांनी मला भाई तारींची खूण सांगितली. पाच वाक्यं. कुठला कळस, कुठली खिंड, किती वाव खोल पाणी. चाळीस वर्षांत तिथे कोणाचा नांगर पडलेला नाही.

बाबलच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी का आलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

या गोष्टीतलं बाकी सगळं मी लिहून काढलं आहे. ती पाच वाक्यं लिहिलेली नाहीत. मला जेटीवर उभं राहूनसुद्धा मळमळतं, आमच्या घरात होडी नाही, पुढेही नसेल. मी ती विसरायचा प्रयत्न करते. अजून जमलेलं नाही.